मधला भाग

फोन आला तेव्हा ती आईच्या पायाची नखं कापत होती. आईचा पाय तिच्या मांडीवर, खाली जुना टॉवेल, आणि अंगठ्याचं नख शिंपल्यासारखं कडक झालेलं, म्हणून आधी कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेलं. निर्मात्याच्या ऑफिसचा मॅनेजर बोलत होता. सिनेमा तिसऱ्या आठवड्यातही जोरात चालला होता, त्यामुळे त्याचा आवाज सध्या कायम नुकतंच जेवून उठल्यासारखा तृप्त असायचा. आज नव्हता. "मॅडम, एक चष्मेवाला फोन करून भंडावून सोडतोय. शेवटचा प्रसंग कुठून आणला, एवढंच विचारायचंय म्हणतो. तो घड्याळाचा. मी म्हटलं, लेखक डोक्यातून आणतात, दुकानातून नाही. तर म्हणतो, माझे वडील तसंच करायचे, घरात आले की घड्याळ काढून बुटात ठेवायचे. डाव्या बुटात. सिनेमात डावाच आहे ना हो?" डावाच आहे, ती म्हणाली. "तेच तर. दावा-बिवा लावायचा नाही म्हणतो. पण दावा लावायचा नाही म्हणणारेच दावा लावतात. वकिलाकडे जायच्या आत एकदा बोलून घ्या." तिनं पत्ता ऐकला, दोनदा म्हणून पक्का केला, फोन ठेवला आणि पुन्हा नेलकटर उचलला. "कोण गं?" आईनं विचारलं. "ऑफिस." "मग लक्ष कुठंय तुझं? कापशील मला."

तिचं घर हेरांवर चालायचं. हेरांचे, मारामारीचे, पाठलागाचे सिनेमे ती लिहायची; झुरळाला घाबरणारी, जिना चढताना धाप लागणारी ही बाई माणसांना हेलिकॉप्टरमधून उड्या मारायला लावते याची ओळखीपाळखीत गंमत होती. दिग्दर्शकाचं तत्त्व सोपं होतं. "पहिल्या अर्ध्या तासात घर तोड, शेवटच्या दहा मिनिटांत जोड, आणि मध्ये मला काय फोडायचं ते फोडू दे." तिची रीत मात्र उलटी. ती शेवटापासून लिहायची. आधी माणूस घरी परत येतो तो प्रसंग: जिना, दार, दाराच्या आतली माणसं. तो जमला की मग तो इतके दिवस कुठे होता, कुणी धरला होता, कसा सुटला, हे रचत बसायचं. मधला भाग म्हणजे हमाली, असं ती चारचौघांत म्हणायची. या वेळच्या सिनेमातला हेर पहिल्याच प्रसंगात घरी येतो, घड्याळ काढतो आणि डाव्या बुटात ठेवतो, म्हणजे अंधारात पळायची वेळ आली तरी ते विसरायला नको. बायको तो बूट बघते आणि ओळखते, की हा राहायला आलेला नाही. मग सात देश, दोन पूल, एक जळतं जहाज. आणि शेवटी तो परत येतो, सवयीनं बुटाकडे वाकतो, थांबतो, आणि मुलीनं पुढे केलेल्या हातात घड्याळ देतो. बस्स. एक अक्षर न बोलता. त्या जागी थिएटरात नाकं ओढल्याचे आवाज येतात असं मॅनेजर सांगायचा. कल्पना कुठून सुचली, असं मुलाखतीत विचारलं की ती म्हणायची, अशीच सुचली. आईनं अजून सिनेमा बघितला नव्हता. गुडघे आणि थिएटरच्या पायऱ्या यांचं जमत नाही, असं कारण होतं.

सुचायला काय, तिनं ते बघितलेलं होतं. दाराजवळ भिंतीला एक हात टेकून उभे असलेले बाबा, एका पायावर तोल, बूट काढून शेजारी लावलेले, आणि मग मनगटावरचा पट्टा सोडून घड्याळ त्या बुटाच्या तोंडातून आत, टाचेपर्यंत, अलगद. नंतर ती गुपचूप जाऊन बुटाला कान लावायची. चामड्याच्या, घामाच्या वासातून टिकटिक यायची. बाबा महिन्यातून थोडे दिवस घरी असायचे. इतर मुलींचे वडील रोज संध्याकाळी येतात हे कळायच्या वयात तिनं आईला विचारलं होतं, आणि आईनं पोळपाटावरून नजर न उचलता सांगितलं होतं, की तुझे बाबा गुप्त कामावर असतात, कुणापाशी बोलायचं नाही. एवढंच. पण त्या एका वाक्यानं घरातल्या साध्या साध्या वस्तूंना तेज चढलं. बाबांची लाकडी पेटी होती, आत हिरव्या मखमलीत पितळेची वजनं खळग्यांत बसवलेली, मोठ्यापासून नखाएवढ्या लहानापर्यंत. ती एकेक उचलून बघू द्यायचे, पण रुमालानं धरून. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं म्हणायचे. बोटांचे ठसे, तिनं मनात ताडलं होतं. पुढे कॉलेजात असताना मैत्रिणीच्या वडिलांच्या दुकानात बसली होती, तर ते सहज म्हणाले, अगं, तुझे वडील मागं येऊन गेले, आमचा काटा दुरुस्त केला, फार सज्जन माणूस. काटे दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होते बाबा. गावोगाव फिरून दुकानांचे, गोदामांचे वजनकाटे तपासायचे. घरी येऊन तिनं आईला सांगितलं तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "ते दाखवायला." दोघी हसल्या होत्या. पण हसताना तिला आतून काहीतरी निसटल्यासारखं वाटलं होतं. कारण हेर दूर राहतो तो त्याचा नाइलाज, पण काटे दुरुस्त करणारा माणूस दूर राहतो तेव्हा त्याला दुसरं काही म्हणावं लागतं. त्यानंतर थोड्याच वर्षांत बाबा बाहेरगावीच वारले. तार आली, आई एकटीच गेली, हिला नको म्हणाली, परीक्षा आहे तुझी. परत आली ती ताप घेऊन. त्या प्रवासाबद्दल आई कधी बोलली नाही आणि तिनंही विचारलं नाही. विचारायचं ते सगळं ती लिहीत सुटली.

चष्म्याचं दुकान एका शांत गल्लीत, खाली दुकान आणि वर घर अशा बांधणीत होतं. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. आतल्या बाजूला काच घासायच्या चाकावर एक माणूस वाकलेला. चाकावर पाण्याची बारीक धार, त्याच्या बोटांवर पांढरट लगदा. तो पाठमोरा असतानाच तिला कळलं. मानेवर केसांची रेघ जिथं संपते तिथं एक भोवरा होता, डावीकडे वळणारा. असला भोवरा ती आरशाकडे पाठ करून, हातात दुसरा आरसा धरून, स्वतःच्या मानेवर कितीदा बघत आली होती.  तरी तिनं, ज्या कामाला आलो ते काम म्हणून, आवाज धंदेवाईक केला. "तुम्ही ऑफिसात फोन केला होता." त्यानं चाक बंद केलं. हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. तिच्याहून चार-दोन वर्षांनी लहान असेल. "बसा ना," म्हणाला. बसायला एकच खुर्ची होती, डोळे तपासायची, उंच, समोर अक्षरांचा तक्ता. ती तिच्यावर बसली. तो उभाच. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा," तो म्हणाला, "तुमचं आडनाव मी पडद्यावर वाचलं होतं. आधीच्या सिनेमांतही वाचलंय. मला तुम्ही ठाऊक होतात. लहानपणापासून."

तिनं लिहिलेल्या सिनेमात अशा जागी माणूस खुर्चीवरून ताडकन उठतो, काहीतरी फुटतं. ती तक्त्याकडे बघत राहिली. सर्वांत वरचं मोठं अक्षर, मग दोन, मग तीन, उतरत उतरत मुंगीएवढी ओळ. ती मुंगीएवढी ओळही तिला स्वच्छ वाचता येत होती. तो हळूहळू बोलत होता, एखाद्याच्या तोंडावर चष्मा चढवताना कानामागं दुखू नये अशा बेतानं. त्याची आई, तो आणि बाबा. दुसऱ्या गावात दोन खोल्या. बाबा महिन्याचे बरेच दिवस तिथं. बाकीचे दिवस ते 'त्या घरी' जातात, हे त्या घरात सगळ्यांना माहीत. तिथं एक मोठी मुलगी आहे, हेही. "मला विचारायचं होतं," तो म्हणाला, "तुमच्या सिनेमात मध्ये ते सगळीकडे फिरतात. पुलावरून उड्या, जहाज पेटवणं. ते कुठून आणलंत?" "कल्पनेनं," ती म्हणाली. "तेव्हा ते आमच्याकडे असायचे हो. पंखा दुरुस्त करायचे. मला पाढे म्हणायला लावायचे. एकदा महिनाभर गुडघ्याला तेल लावून नुसते पडून होते."

तिला जे वाटलं त्याला ती राग म्हणाली असती, तर सोपं झालं असतं. पण तो हावरेपणा होता. त्या पडून राहिलेल्या महिन्याचा तिला हेवा वाटला, त्या तेलाच्या वासाचा, चुकलेल्या पाढ्याचा. तिनं आयुष्यभर जिथं स्फोट लिहिले तिथं एक माणूस स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होता. आणि मग तिच्या तोंडून तो प्रश्न निघाला. "तुमच्याकडे घड्याळ कुठं ठेवायचे?"  "बुटातच," तो म्हणाला. "म्हणून तर फोन केला. मला वाटायचं, आमच्याकडेच तसं करतात, पाहुण्यासारखं. तुमच्याकडे गेले की काढून खुंटीला लावत असतील. तुमचं ते खरं घर, असं माझ्या डोक्यात. सिनेमा बघितला आणि..."  बाहेरून सायकलची घंटी गेली. तिला म्हणायचं होतं, मला आत्ता, या मिनिटाला, नेमकं तेच तुमच्याबद्दल वाटत होतं. ती म्हणाली, "पाणी मिळेल?"

पाणी देताना तो एकदम म्हणाला, "तुम्ही शाळेच्या नाटकात झाड झाला होतात ना? आणि मध्येच शिंकलात?" तिनं पेला खाली ठेवला. त्या नाटकाला बाबा नव्हते. ते आठ दिवसांनी आले होते, आणि ती रुसून त्यांच्याशी बोलली नव्हती, आणि त्यांनी काही विचारलंही नव्हतं; म्हणजे आईनंच त्यांना सांगितलं असणार. "आमच्याकडे ती गोष्ट फार चालायची," तो सांगत होता, "जेवताना मी बाबांना म्हणायचो, झाडाची गोष्ट सांगा. ते शिंकून दाखवायचे. माझी आई हसायची, आणि मग उठून आत जायची." आता पुढे येण्याचं कारणही त्यानं सांगितलं. इतकी वर्षं त्याच्या आईनं शपथ घातली होती, त्या बाईंच्या वाटेला जायचं नाही म्हणून. तिची नजर गेली होती. चष्मेवाल्याची आई, आणि तिला चष्म्याचा उपयोग नाही. तो तिला सिनेमाला न्यायचा आणि कानात सगळं सांगत राहायचा. परवा शेवटच्या प्रसंगाला आधी तो गप्पच झाला, मग सांगून टाकलं. तेव्हा ती म्हणाली, त्यांच्या मुलीला ठाऊक नाहीये बहुतेक. विचार, त्या येतील का. 'त्या' म्हणजे हिची आई. "मी काय विचारू?" ती म्हणाली. "माझ्या आईला तर..." "त्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हा त्या आल्या होत्या. मीच दार उघडलं होतं."

घरी येताना ती दोन स्टॉप आधी उतरली आणि चालत आली. डोक्यात, सवयच वाईट, प्रसंग लागत होता: आई खिडकीपाशी, प्रकाश मागून, मुलगी दारात उभी, आणि पहिलं वाक्य कुणाचं? तिनं चार-पाच सुरुवाती रचल्या. नमनालाच घडाभर तेल जात होतं. प्रत्यक्षात आई स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं जुळवत बसली होती, कारण एकही झाकण एकाही डब्याला लागत नव्हतं. ती शेजारी जमिनीवर बसली, एक झाकण हातात घेतलं आणि म्हणाली, "मी चष्म्याच्या दुकानात गेले होते." आईनं विचारलं नाही कोणत्या. झाकण दाबून बसवलं, ते बसलं नाही, दुसरं घेतलं. मग म्हणाली, "त्या कशा आहेत?"

"तुला सगळं ठाऊक होतं."

"तू सहा-सात वर्षांची असल्यापासून."

"मग ते हेराचं कशाला सांगितलंस? नोकरीच फिरतीची आहे म्हणाली असतीस तरी चाललं असतं. भांडली असतीस, हाकलून दिलं असतंस त्यांना."

आईनं झाकणं बाजूला सारली. तिचे हात रिकामे झाल्यावर म्हातारे दिसायला लागले. "फिरतीची नोकरी म्हटलं असतं तर तू वाट बघायची सोडली असतीस," ती म्हणाली. "मुलं सोडतात. खेळायला लागतात. हेर म्हटल्यावर तू खिडकीत बसायला लागलीस. जेवायला बोलावलं तरी उठायची नाहीस. मला एकटीनं वाट बघवत नव्हती गं. सोबतीला कुणीतरी हवं होतं." मग जणू काही झालंच नाही अशा आवाजात, "रविवारी जाऊ. त्या साडीला इस्त्री कर, करड्या."

तिनं साडीला इस्त्री केली. करताना खिडकीतली ती लहान मुलगी आठवत राहिली, काचेला लावलेलं नाक, श्वासानं धुरकटणारी काच, आणि मागं, खोलीत, भाजी निवडत बसलेली आई. तिला वाटायचं, आई कामात आहे. आई वाट बघतेय असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. वाट बघण्याचं काम तर तिच्याकडे दिलेलं होतं. तिला आईवर ओरडावंसं वाटलं. त्याहून जास्त, मागं जाऊन त्या खोलीत बसावंसं वाटलं, दोघींनी, एकाच खिडकीत.

रविवारी आई टॅक्सीतून उतरली आणि दुकानापाशी येऊन अडली. "वर नाही येणार मी. माझे गुडघे." गुडघ्यांची गोष्ट नव्हती हे तिघांनाही कळलं. मग चष्मेवाल्यानं आईला त्या उंच खुर्चीत बसवलं, पायाखाली पाट सरकवला, आणि वर जाऊन आपल्या आईला घेऊन आला. ती एकेक पायरी पायानं चाचपत उतरली. बारीक, ताठ बाई. केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले, कुणाकडे जाताना बसवतात तसे. तिला स्टूल दिलं. दोन बायका समोरासमोर. एकीला दुसरी दिसत नव्हती आणि दुसरी पहिलीकडे बघत नव्हती. चष्मेवाला काउंटरवर उगाच फ्रेमा पुसत होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला पुढचं वाक्य सुचेना.

"शेवटी शेवटी काय खात होते?" आईनं विचारलं.

"मऊ भात. तेवढाच जायचा."

"मीठ?"

"डॉक्टर नको म्हणाले होते." ती बाई म्हणाली. "मी घालत होते."

आईनं मान हलवली, मग समोरचीला ते दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाली, "बरं केलंत."

यानंतर कुणी गळ्यात पडलं नाही. आईनं विचारलं, डोळे कधीपासून गेले, आणि त्यांनी विचारलं, गुडघ्याला काय लावता. दोघींनी मिळून डॉक्टरांना नावं ठेवली. एक गिऱ्हाईक आलं, लग्नाला जायच्या घाईतलं, चष्म्याची काडी मोडून घेऊन. त्याला खुर्ची हवी होती, पण आई काही उठली नाही, आणि त्याला उभं राहूनच नाक पुढं करावं लागलं. "या कोण?" त्यानं विचारलं. चष्मेवाला तोंडात स्क्रू धरून होता, म्हणून उत्तर लांबलं. तो स्क्रू काढून म्हणाला, "आमच्याच आहेत." मग तिच्याकडे न बघता हात मागं केला, "ताई, तो बारीक चिमटा दे." ती गोंधळली, ट्रेमध्ये चार चिमटे होते. तिनं एक दिला. तो चुकीचा होता. त्यानं तोच वापरला.

परतताना टॅक्सीत आई काचेला डोकं टेकून बसली होती. झोपली असं वाटलं, तेवढ्यात म्हणाली, "पुढच्या रविवारी त्यांना बोलावलंय. तो मुलगा घेऊन येईल."

"एवढं काय बोलायचं राहिलंय?"

"बोलायचं कुठं, भांडायचंय. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं आहे. आज नुसती ओळखच झाली." आणि जरा वेळानं, डोळे मिटून, "तुझे बाबा असते तर मी गेले नसते, आणि त्यांनी बोलावलंही नसतं."

सिग्नलला टॅक्सी थांबली. रस्त्यापलीकडे एक माणूस खांद्यावर मूल घेऊन उभा होता, मूल त्याच्या डोक्यावर ताल धरत होतं. तिच्या मनात दुपारचं सगळं गर्दी करून आलं: आईनं खुर्ची सोडली नाही ते, घाईतल्या माणसाचं पुढं केलेलं नाक, चुकीचा चिमटा, मीठ. किती मजेशीर होतं ते, आणि ते कुणाला नीट समजलं असतं, कोण पोट धरून हसलं असतं आणि मग जेवताना कुणी ते करून दाखवलं असतं. आईचा हात तिच्या मांडीवर जड होऊन पडला होता. दिवा हिरवा झाला, टॅक्सी हलली, आणि पन्नाशी उलटलेल्या त्या बाईच्या मनात, अगदी सहज, पहिल्यांदा जे आलं ते हे, की बाबा आले की त्यांना सांगायचं.